बापलेकीची गिटार

मी गिटार बोलतेय. स्टेजवर विजेच्या वायरीला बांधून किंचाळतात ती मी नव्हे, आणि सहलीत हातोहात फिरते तीही नव्हे. माझ्या तारा नायलॉनच्या, मान रुंद, आवाज खालच्या पट्टीतला. मला वाजवायला प्लास्टिकची चकती लागत नाही. नुसती बोटं लागतात, आणि त्या बोटांना पुष्कळ वेळ लागतो. माझ्या पोटाला एवढं मोठं गोल तोंड आहे, पण त्यातून स्वतःच्या मनानं एक शब्द काढायची सोय नाही. जे हात सांगतील तेच मी बोलायचं. म्हणून एक गोष्ट माझ्या पोटात राहून गेली आहे. ती तुमच्या कानावर घालते.

मला घडवणारा कारागीर बुटका आणि घुमा होता. माझी पुढची फळी देवदाराची, पाठ शिसवीची. फळी तासताना तो मधूनमधून ती कानाशी धरायचा, बोटाच्या पेरानं ठोकायचा, आणि मनासारखं उत्तर आलं नाही की पुन्हा रंधा उचलायचा. मला दुकानात पोचवताना त्यानं मालकाला एवढंच बजावलं, "हिच्यावर लोखंडी तारा चढवू नका. छाती फाटेल."

दुकानात मला काचेमागे टांगलं. गिऱ्हाइकं यायची, मला पोटाशी धरायची, आणि माझ्याकडे न बघता समोरच्या आरशात स्वतःला बघायची. केस नीट करून मला परत टांगायची. मला त्याचं काही वाटायचं नाही. माझं लक्ष रस्त्यापलीकडे असायचं.

पलीकडे चष्म्याचं दुकान होतं. तिथले चष्मेवाले दिवसभर भिंगं घासत बसलेले दिसायचे. भिंगाचा काठ चाकावर धरायचा, घासायचा, मग भिंग पुसून डोळ्यासमोर धरायचं. त्या भिंगातून त्यांची नजर निघायची ती रस्ता ओलांडून थेट माझ्यावर यायची. मला वाटायचं, हा माणूस भिंग तपासतोय. पुढं पुढं कळलं, तपासून झाल्यावरही भिंग खाली येत नाही.

एका संध्याकाळी ते रस्ता ओलांडून आले. बरोबर त्यांची शाळकरी लेक होती. सगळ्या पेन्सिली दातांनी कुरतडायची म्हणून घरात तिला खारू म्हणत.

"वाजवता येतं?" दुकानदारानं विचारलं.

"नाही. शिकणार आहे."

"आता, या वयात?"

"या वयात चष्मा लागतो ना? मग गिटार लागली तर बिघडलं काय?"

खारू हसून हसून वाकली. घरी जाताना माझी पेटी दोघांनी मिळून धरली होती. खरं तर ती एकट्यानं नेता येते.

घरी खारूच्या आईनं मला बघून कपाळाला हात लावला. ती एका दाताच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची. "दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकून येते मी. आता घरीही तेच?" असं म्हणाली खरी, पण खिडकीतल्या उन्हापासून लांब, कपाटाच्या आडोशाला माझी जागा तिनंच करून दिली.

शिकवायला एक बाई होत्या. जिने चढून गेलं की वरच्या मजल्यावर त्यांची खोली. पांढरे केस कापलेले, पाठ ताठ. पहिल्या दिवशी त्यांनी चष्मेवाल्यांना वाजवूच दिलं नाही, नुसतं बसायला शिकवलं. डाव्या पायाखाली छोटा पाट, डाव्या मांडीवर माझी कंबर, माझी मान वर उचललेली. "तिला मिठी मारू नका," बाई म्हणाल्या. "पडणार नाही एवढाच आधार द्या. घट्ट धरलंत तर आवाज आतच राहतो."

मग त्यांचं लक्ष कोपऱ्यात गेलं. "ही काय करते?"

"ही नुसती बसलीय. घरी कुणी नसतं या वेळी."

"माझ्याकडे नुसतं कुणी बसत नाही. ये गं."

अशी मी एकटी दोघांची झाले.

बाईंनी उजव्या हाताच्या बोटांना कामं वाटून दिली. अंगठ्यानं तीन जाड तारा सांभाळायच्या. तर्जनी, मध्यमा आणि अनामिका यांना बारीक तारा एकेक. करंगळीला सुट्टी.

"करंगळीची मज्जाय," खारू म्हणाली.

एक बोट लागोपाठ दोनदा वापरायचं नाही. चालताना पाय टाकतो तशी बोटं आळीपाळीनं टाकायची. कधी तार छेडून बोट शेजारच्या तारेवर टेकवायचं, म्हणजे सूर भरीव येतो. कधी न टेकवता हवेत सोडायचं, म्हणजे शेजारची तारही गात राहते. आणि सगळं सावकाश. इतकं सावकाश की ऐकणाऱ्याला वाटावं, वाजवणारा मध्येच कुठं उठून गेला की काय.

शिवाय नखं. डाव्या हाताची अगदी कापलेली हवीत, नाहीतर तार दाबता येत नाही. उजव्या हाताची किंचित वाढवून गोल घासलेली हवीत, कारण सुराला धार नखानं येते. चष्मेवाले दुकानातून भिंगं गुळगुळीत करायचा बारीक कागद आणायचे. सुट्टीच्या सकाळी लेकीचा हात गुडघ्यावर घेऊन एकेक नख घासायचे, मग माझी एक तार तिला छेडायला लावायचे आणि दुकानातल्यासारखं विचारायचे, "हे बरं की हे?" पुन्हा थोडं घासून, "आता? हे बरं की हे?"

"बाबा, तू माझा डोळा तपासतोयस की नख?"

त्या सकाळी मला फार आवडायच्या. माझ्या आयुष्यातलं सुख कुठं होतं असं कुणी विचारलं, तर मी त्याच दाखवीन.

पुढं जे झालं ते एका दिवसात झालं नाही. खारूची बोटं भराभर सुटी झाली. अंगठा एकीकडे चालतोय, वर तिन्ही बोटं आपापली कामं करताहेत, आणि ती मात्र खिडकीबाहेर बघत गुणगुणतेय, असं होऊ लागलं. चष्मेवाल्यांचं तसं होईना. सारा जन्म त्यांनी भिंगाचा काठ तीन बोटांत आवळून धरला होता. ती बोटं एकमेकांना सोडायला तयार नव्हती. अनामिका हलवायला जावं तर मध्यमा तिच्यामागं फरपटत यायची. ते पहाटे उठून बसायचे, लेक शाळेत गेली की बसायचे. माझ्या तारांना त्यांच्या बोटांचा घाम कळायचा.

बाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. एकदा त्या म्हणाल्या, "तुमची अनामिका एकटी निघत नाही हो. वाईट वाटून घेऊ नका. हळू वाजवा. तुमच्यापुरतं छान वाजेल."

ते हसले. "हो, हो. आपण काय, हौस," असं म्हणाले. पण उतरताना जिन्याच्या वळणावर माझी पेटी खाली ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. 'तुमच्यापुरतं' हा शब्द त्यांना लागला होता. बाईंनी तो मायेनं उच्चारला होता, हे मी शपथेवर सांगेन.

त्यानंतर त्यांनी मला मांडीवर घेतलं नाही. "आता खारूचाच रियाज," ते म्हणाले. दुकान मिटून आले की तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. हातात चष्म्याची एक रिकामी फ्रेम असायची, तिनं टेबलावर ठेका द्यायचे. कधी रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. एकच शब्द म्हणायचे, "पुन्हा."

तिनं वाजवावं. "पुन्हा." तिनं परत वाजवावं. "अनामिका कच्ची पडतेय. पुन्हा."

"अहो, तिच्या मैत्रिणी खाली वाट बघताहेत," आई म्हणायची. "खेळायला जाऊ द्या ना."

"हाही खेळच आहे."

"खेळ आहे तर मग ती हसत का नाही?"

फ्रेम टेबलावर टकटकत राहिली. माणसं तोंडानं लपवतात ते हातानं लपवू शकत नाहीत. खारूची बोटं बिनचूक पडायची, पण तारेपर्यंत यायला नाराज असायची. तिचे खांदे वर चढलेले असायचे. गुणगुणणं कधीच थांबलं होतं.

मग बाईंच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम ठरला. लहानसं सभागृह, लोखंडी खुर्च्या, त्यावर आईबाप, शेजारी आणि खारूच्या वर्गातल्या काही मुली. खारूला एक संथ नाचाची जुनी चाल वाजवायची होती. तिच्यात वरची धून सगळी अनामिकेकडे होती; बाकीची बोटं नुसती साथीला. पहिला भाग सुरेख झाला. माझी फळी अशी कधी थरथरली नव्हती. लोकांनी खोकणंसुद्धा थांबवलं होतं.

दुसऱ्या भागात तिचं बोट चुकलं. एवढंसंच. बाई नेहमी सांगायच्या, चुकलं तरी चालत राहायचं, ऐकणाऱ्याला कळतही नाही. ती चालत राहिलीही असती. पण दुसऱ्या रांगेतून चष्मेवाले अर्धवट उठले आणि हाताचं बोट नाचवत मोठ्यानं म्हणाले, "अनामिका! अनामिका!"

लोकांना वाटलं, मुलीचं नाव अनामिका. बाप नाव घेऊन पोरीला धीर देतोय. कुणीतरी कौतुकानं टाळी वाजवली. कुणीतरी हसलं. मग मागं बसलेल्या मुली हसल्या, आणि हसणं खुर्च्यांवरून पुढं सरकत आलं. खारूचे हात माझ्यावर थांबले. तिनं ती चाल पुरी केली नाही. उठली, शिकवलं होतं तसं कमरेत वाकून नमस्कार केला, आणि माझी मान धरून आत गेली. त्या मुठीची पकड मला अजून आठवते.

घरी येताना चष्मेवाले म्हणाले, "पहिला भाग फार छान झाला गं." ती पुढं चालत राहिली. ते पुन्हा म्हणाले, "खरंच छान झाला." आईनं त्यांच्या बाहीला हात लावून गप्प केलं.

शाळेत मुलींनी तिला त्याच नावानं हाक मारायला सुरुवात केली. 'ए अनामिका' म्हणायचं आणि बोट नाचवून दाखवायचं. तिनं हे आईला सांगितलं, बापाला नाही. आणि एका संध्याकाळी, ते दुकानातून यायच्या आधी, ती माझ्यासमोर बसली. नेलकटर घेतलं. आधी अंगठ्याचं नख कापलं. मग एकेक करत सगळी. कापलेली नखं तिनं भिंगाच्या त्या कागदावर ठेवली आणि कागद टेबलाच्या मधोमध सरकवला.

चष्मेवाले आले. कागदाकडे बघत उभे राहिले.

"मी उद्यापासून क्लासला येणार नाही," ती म्हणाली. "तुम्हाला जायचं असेल तर तुम्ही जा."

आईनं चमकून वर पाहिलं. जन्मल्यापासून ती पोर बापाला अरे-तुरे करायची. नख कापल्याचं कदाचित ते सोसून गेले असते, नख पुन्हा येतं. त्या 'तुम्ही'वर ते खुर्चीत बसले. ते 'तुम्ही' मग कायमचंच राहिलं.

त्यांनी माफी मागायला हवी होती. मला वाटतं त्यांनाही ते वाटत होतं. पण रोज संध्याकाळी घरी येईपर्यंत शब्द जुळवायचे आणि दारात चप्पल काढताना म्हणायचे, "आज गर्दी होती दुकानात."

मला पेटीत ठेवलं. ठेवताना तारा सैल करायच्या असतात. ते कुणाला सुचलं नाही. नायलॉनच्या असल्या तरी ताणलेल्या तारा फळीला ओढत राहतात. दिवसरात्र, कुणी वाजवो न वाजवो. तारा जिथं बांधतात ती माझी घोडी हळूहळू फळी सोडू लागली आणि पोटाला फुगवटा आला. कधीतरी भरदुपारी पेटीची कडी वाजायची. चष्मेवाले मला मऊ कापडानं पुसायचे, तेच कापड जे गिऱ्हाइकाला चष्म्याबरोबर देतात. एकदोनदा त्यांनी अंगठ्यानं जाड तार छेडली. पण जिन्यावर पाऊल वाजलं की लगेच तारेवर तळहात ठेवून सूर दाबायचे, आणि पेटी बंद.

खारू मोठी झाली. दुसऱ्या गावी नकाशे काढण्याच्या कचेरीत लागली. फोन आईला यायचा. आई मोठ्यानं बोलायची म्हणून मला सगळं कळायचं. "हो, ते बरे आहेत. देऊ का त्यांना फोन? ... बरं, बरं. घाईत आहेस तर राहू दे." फोन ठेवल्यावर चष्मेवाले विचारायचे, "काय म्हणत होती?" आई सांगायची, "तुमची चौकशी करत होती."

मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला. आधी चहाच्या कपात दिसलं, मग कामात. चाकावर भिंग स्थिर राहीना. एका म्हाताऱ्या बाईंना त्यांनी चष्मा करून दिला, तर त्या दुसऱ्या दिवशी परत आल्या. "अहो, मला दोन-दोन चष्मेवाले दिसताहेत," म्हणाल्या. सगळे हसले, तेही हसले. त्याच आठवड्यात त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं.

आवराआवर करायला खारू रजा घेऊन आली. दिवसभर तिनं फ्रेमा कागदात गुंडाळून खोक्यात भरल्या. गिऱ्हाइकाला चेहरा बघायला ठेवलेला मोठा आरसा तिनं घरी आणून भिंतीला टेकवून ठेवला. दोघांचं बोलणं व्हायचं ते एवढंच: "हे ठेवायचं?" "नको." "हे?" "ते ठेव."

दुसऱ्या दिवशी दुपारी आई दवाखान्यात कामाला गेली होती आणि चष्मेवाले आतल्या खोलीत आडवे झाले होते. तेव्हा खारूनं माझी पेटी उघडली. माझा फुगवटा पाहून तिनं हळूच जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं. तारा थोड्या उतरवून घेतल्या, खालच्या सुरात जुळवल्या, आणि दाराकडे पाठ करून, आरशासमोर मला मांडीवर घेतलं.

तिला नखं नव्हती. बोटांच्या पेरांचा मऊ आवाज निघाला. तिनं जे वाजवलं ते मी कधी ऐकलेलं नव्हतं. बाईंनी शिकवलेलं नव्हतं, कुठल्या कार्यक्रमातलं नव्हतं. कदाचित तिथल्या तिथं जुळवत होती. तीन-चार सूर चढायचे, थांबायचे, मागं वळून बघितल्यासारखे परत यायचे. मध्येच ती त्याबरोबर गुणगुणलीही.

दारात सावली पडली. तिचे खांदे ताठ झाले, हात थांबले.

"ऐकत होता का?" तिनं मागं न बघता विचारलं.

मला कळलं, तिला 'हो' ऐकायचं होतं. आणि 'हो'ची तिला भीतीही होती.

"नाही गं," चष्मेवाले म्हणाले. "मी पाणी प्यायला आलो होतो. तुझं चालू दे."

ते स्वयंपाकघरात गेले. ती पुन्हा वाजवू लागली. मान खाली, नजर डाव्या हातावर. म्हणून तिला दिसलं नाही. मला दिसलं, कारण माझं तोंड आरशाकडे होतं आणि आरशात स्वयंपाकघराचं दार येत होतं.

त्यांनी पेला उचललाच नाही. थरथरणारा उजवा हात डाव्या काखेत दाबून धरला, तो कशावर आपटून वाजू नये म्हणून. डाव्या हाताचा तळवा तोंडावर घट्ट ठेवला. आणि दाराच्या चौकटीला डोकं टेकून ते शेवटच्या सुरापर्यंत उभे राहिले. डोळ्यांतलं पाणी गालावरून बोटांवर येत होतं. ते पुसायला त्यांच्याकडे हात उरला नव्हता.

ती थांबली तेव्हा ते अनवाणी पावलांनी दुसऱ्या बाजूनं आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. ती मला घेऊनच त्यांच्या दारापर्यंत गेली.

"बाबा?"

ते हलले नाहीत. जागे होते, झोपलेल्या माणसाचा श्वास असा मोजून मापून येत नाही. मला वाटतं, तोंड उघडलं तर पुन्हा काहीतरी चुकीचं बाहेर पडेल, या धास्तीनं त्यांनी ते उघडलं नाही.

तिनं मला पेटीत ठेवून दिलं.

रजा संपली तशी ती परत गेली. थंडी संपायच्या आत चष्मेवालेही गेले, झोपेत.

आता मी खारूच्या घरी असते. घोडी निखळायला आली म्हणून तिनं सगळ्या तारा काढून टाकल्या आणि मला भिंतीवर टांगलं. फळीवरचा ताण गेला, बरं वाटतं. पण आता कुणाचे हात आले तरी मी काही बोलू शकत नाही. पाहुणे येतात. कुणीतरी विचारतंच, "वाजवतेस का गं?"

"लहानपणी थोडंसं," ती सांगते. "आमच्या बाबांना भारी हौस. पण माझं वाजवणं काही त्यांच्या मनाला आलं नाही. शेवटी एकदा मी वाजवायला बसले, तर ते उठून पाणी प्यायला निघून गेले." असं म्हणून ती हसते. पाहुणेही हसतात, आणि बोलणं दुसरीकडे वळतं.

दर वेळी माझं रिकामं पोट भरून येतं. तारा नसलेल्या गिटारीचं कोण ऐकणार? तुमच्यापैकी कुणी कधी तिच्याकडे गेलात, आणि ती हे सांगून हसली, तर कृपा करून तेवढं हसणं होऊ द्या, आणि मग माझं नाव सांगून तिला एवढंच कळवा, की त्या दुपारी ते पाणी प्यायलेच नव्हते.